देवाकडे पाय

नसरापूरला सर्व्हिस मोटारीतून उतरून बाळा बैलगाडीत बसली खरी, पण तिचा उजवा पाय काही बसेना. कधी टाच आपटायची, कधी नुसता अंगठाच नाचायचा, तर कधी सगळा पाय गाडीबाहेर लोंबकळून झोके घ्यायला लागायचा. गाडीवान सोनबा घडीघडी मागं वळून बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"बाई, पायाला इंगळी-बिंगळी डसली का काय?"

"नाही हो! तुमचे बैल जरा हाका की!"

"बैलं हाकतोयच मी. राजगडच जवळ येईना, त्याला काय करू?"

आणि तो पाय काही साधासुधा नव्हता बरं का! पुण्या-मुंबईपासून थेट इंदुरापर्यंत ज्या बाळाबाई भोरकरांचं व्हायोलिन ऐकायला माणसं मांडवाच्या खांबांना लोंबकळायची, ते सगळं व्हायोलिन या एका पायावर तोललेलं होतं. खाली बसायचं, डावा पाय मुडपायचा, उजवा पुढं सोडायचा. वाद्याची एक बाजू खांद्याशी टेकवायची आणि त्याचं ते गोगलगाईसारखं वळलेलं डोकं उजव्या घोट्यावर ठेवून द्यायचं. झालं! वाद्य धरायचं काम पायानं केलं की डावा हात मोकळा. मग तो तारेवर वरून खाली अशी घसरगुंडी खेळतो की ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडावा. आणि उजव्या हातातला गज? तो कुठं उलटतो तेच कळायचं नाही. एक संपतोय म्हणेपर्यंत दुसरा सुरू. लोक म्हणायचे, "बाई श्वास तरी कधी घेतात?" बाळाला ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या.

पण आज ती पुणं-मुंबई सोडून राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याला निघाली होती, आणि तेही एका माणसासाठी. त्या माणसानं तिचं वाजवणं जन्मात ऐकलं नव्हतं. तो माणूस म्हणजे तिचा बाप, गेनबा गुरव.

गुंजवण्याच्या भैरोबापुढं सकाळ-संध्याकाळ सनई वाजवायची सेवा गुरवाच्या घरात होती. पाऊस असो, ताप असो, घरात मयत असो, गेनबाची सनई चुकली नाही. बाळाची आई लवकर गेली तेव्हा त्यानं लेकीला भोरला तिच्या मावशीकडं, फुलाबाईकडं ठेवलं. फुलाबाई केशवमास्तरांच्या घरी धुणं-भांडी करायची आणि बाळा त्यांच्या ओसरीवर धुडगूस घालायची. मास्तर व्हायोलिन वाजवायचे बेताचंच. पण एके दिवशी या पोरीच्या उड्यांना कंटाळून त्यांनी तिला खाली बसवलं, तिच्या पायावर ते व्हायोलिन ठेवलं आणि म्हणाले, "आता हलव पाय बघू!" पाय हलला नाही. दुपार गेली, चहा झाला, दिवे लागले, तरी हलला नाही. मास्तर समजायचं ते समजले.

पुढं त्यांनीच तिला मिरजेला शिकायला धाडलं. मग ती मोठमोठ्या गवयांच्या साथीला बसायला लागली, त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडायला लागली, आणि तिथंच बापाचं बिनसलं. "देवापुढं वाजवणाराची लेक गवयाच्या बगलेला बसती!" असं म्हणून गेनबानं तिच्याशी बोलणं टाकलं. टाकलं म्हणजे अगदी टाकलं. बाळानं बगल सोडली, एकटीनं मांडीवर शाल घेऊन बैठकी गाजवल्या, तिच्या तबकड्या निघाल्या, तरी गेनबा गप्पच.

यंदा मात्र पाटलाचा, आनंदरावांचा, निरोप आला. गेनबाचे दात गेले, सनई तोंडात ठरेना. त्याचा पुतण्या भिमा वाजवतो, पण ते वाजवणं ऐकून पाटलाची बकरी ओरडायला लागली. चैत्राची यात्रा आली आहे, एक संध्याकाळ सेवेला ये. बाळानं दुसऱ्या दिवशी पुण्यातली बैठक असतानाही होकार कळवला. साथीदारसुद्धा तिनं आणले नाहीत. बापानं एकदा ऐकावं, बस्स! मग चांगलं म्हणो की वाईट.

भिमाची आई अंबूबाई, म्हणजे बाळाची चुलती, दारातच उभी होती. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पाठोपाठ तोंडाचा पट्टाही सोडला.

"या भोरकरीणबाई! का गं, गुंजवणेकर म्हनून घ्यायला लाज वाटती व्हय? त्या काळ्या तबकडीवर आमच्या गावाचं नाव मावत न्हवतं का?"

"अगं काकू, नाव मी नाही ठेवलं, मिरजेच्या लोकांनी ठेवलं. भोरहून आली म्हणून भोरकर."

"आन् लगीन? ते बी त्या पेटीशीच लावलं का मिरजंच्या लोकांनी?"

बाळा खळखळून हसली. पण हसता हसता तिचे डोळे घरभर भिरभिरत होते. "आबा कुठं आहेत?"

"कुठं असनार? देवळात. समया घासत्यात."

"माझं वाजवणं ऐकतील ना गं आज?"

अंबूबाईचा पट्टा एकदम थांबला. तिनं पदराला हात पुसले, परत पुसले.

"पाटलानं सांगितलं न्हाई तुला? अगं, ऐकतील कशानं? कान गेलं त्येंचं. पार गेलं. म्होरं उभं राहून वरडलं तर कायबाय उमगतं. न्हाईतर घंटा वाजली तरी कळत न्हाई."

बाळाला घरात थांबवेना. चहा तसाच ठेवून ती देवळाकडं निघाली, निघाली कसली, पळालीच. ओढ्यावरच्या दगडांवरून उड्या टाकत, पातळाचा काठ भिजवत. ज्या दोन कानांसाठी एवढी धावून आली, तेच दोन कान बंद! मग गाडी जुंपून परत फिरावं का? पाटलाला काय सांगावं? फिरायचं तर पाय पुढंच का चाललेत?

गेनबा सभामंडपात बसून चिंचेनं समई घासत होता. वाळून काटकी झालेला, पण बसायची ऐट तीच, पाठ ताठ. बाळानं समोर जाऊन पायांवर डोकं ठेवलं. त्यानं ओळखलं. समईवरचा हात थांबला. मग त्यानं मान वळवली ती गाभाऱ्याकडं.

"भैरोबा, कोन आलंय रं बघ," तो मोठ्यानं म्हणाला. "बरी हाय का इचार तिला. वाळलीया."

बाळाला हसावं की रडावं कळेना. बोलणं टाकलंय ना, म्हणून हा देवाच्या आडून बोलणार! तीही काही कमी नव्हती. गाभाऱ्याकडं तोंड करून तिनं सूर चढवला. "भैरोबा, आबांना सांग, मी बरी आहे! आणि संध्याकाळी वाजवणार आहे!"

गेनबानं तिच्या ओठांकडं बघितलं. तेवढ्यात पाटील आले, मागून भिमा व्हायोलिनची पेटी डोक्यावर घेऊन आला. आनंदरावांनी मोठ्या अभिमानानं जागा दाखवली. गाभाऱ्याच्या बरोब्बर समोर घोंगडी, घोंगडीवर नवी कोरी सतरंजी.

"पाटील, पण माझं तोंड माणसांकडं नको का? लोकांना नुसती पाठ दिसेल माझी."

"लोकांना काय दावायचंय? ऐकायचं त्यानं," पाटलांनी देवाकडं बोट केलं. "गेनबा जलमभर तोंड करून उभं राहिलं हितं. पाठ न्हाई केली कवा. तुमी बी करायची न्हाई."

बरं, म्हणून बाळा बसली. डावा पाय मुडपला, उजवा पुढं सोडला, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर ठेवलं. आणि समई खण्णकन खाली पडली.

"देवा!" गेनबा उठून उभा राहिला होता. "तुझ्याकडं पाय करून बसलीया रं ही! सरळ तुझ्या तोंडाकडं तळवा!"

बाळानं खाली बघितलं. खरंच की! गावोगावच्या बैठकींत पायासमोर असायची ती माणसं, आणि माणसं काय, पाय चालवून घेतात. इथं तिचा तळवा थेट भैरोबाच्या चांदीच्या टाकाकडं रोखलेला होता. तिनं झटकन पाय ओढून घेतला आणि नकळत कानांना हात लावले.

"पण आबा, वाजवायची रीतच ही आहे! पाय सोडल्याशिवाय हे धरायचं कसं?" तिनं हातवारे करकरून सांगितलं.

"तिला सांग," गेनबा देवाला म्हणाला, "म्हनावं, मला ऐकू येत न्हाई, पर तुला येतं. आन् तुला दिसतं बी."

झालं! आता करायचं काय? देवाकडं तोंड करावं तर पाय त्याच्याकडं जातो. माणसांकडं तोंड करावं तर पाठ देवाकडं होते. राहिली आडवी बैठक, खांबाच्या कडेला, बाजूला तोंड करून. पण ती तर साथीवाल्याची जागा! तीच ती बगल. जिच्यापायी बापानं अबोला धरला, त्याच बगलेला त्याच्यासमोर बसायचं? छे! जीव गेला तरी नाही.

दुपारभर बाळा अंबूबाईच्या गोठ्यात खटपट करत होती. गोऱ्यांच्या बँडमधल्यासारखं उभं राहून हनुवटीखाली धरलं, पण डावा हात खाली घसरायला लागला की वाद्यही त्याच्याबरोबर घसरायचं. मग पाटावर बसून बघितलं. मग उखळावर डोकं टेकवलं, तर उखळ घुमायला लागलं. अंबूबाई दारात बसून तांदूळ निवडत होती.

"अगं, बस की घटकाभर एका जागी! म्हसरं बुजाया लागली."

"बसायचंच तर जमत नाहीये ना, काकू!"

"मग कडंला बस. कोन बघतंय?"

"मला दिसतं ना!" बाळा ओरडली. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि नखं खाऊ लागली, आठ वर्षांच्या पोरीसारखी.

दिवेलागणीच्या आधी मंडप भरला. वेल्ह्याकडची, वरव्याकडची माणसं आली होती. लढाईमुळं रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून पाटलांनी घरोघरच्या तेलाच्या पणत्या मागवल्या होत्या. बाळा देवासमोर येऊन बसली, दोन्ही पाय घट्ट मुडपून. व्हायोलिनचं डोकं तिनं गुडघ्यावर ठेवलं, खाली उपरण्याची चुंबळ. भिमानं सनईच्या जोडीची नुसता एकच सूर धरणारी नळी तोंडाला लावली, गाल फुगवले आणि षड्ज धरला. तेवढं मात्र त्याला छान यायचं. गेनबा खांबाशी बसला होता, गाभाऱ्याकडं बघत.

बाळानं मारवा धरला. सूर्य बुडायच्या वेळचा राग हा. आणि फार खोडकर! सगळे राग दमले की षड्जावर येऊन टेकतात, घरच्या उंबऱ्यावर बसावं तसे. मारवा टेकायला येतो आणि बाजूनं निघून जातो. येतो आणि निघून जातो. बाळाचा लाडका होता तो, कारण बाळा तरी कुठं टेकत होती!

पहिले सूर निभावले. मग डावा हात खाली घसरला आणि गुडघ्यावरचं डोकंही घसरलं. तारा कर्र करून किंचाळल्या. मागची पोरं फिदीफिदी हसली. बाळानं चुंबळ नीट केली, पुन्हा धरलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं दात ओठ खाऊन सूर ओढला आणि तो लागलाही, पण कधी कोण जाणे, उजवा पाय आपला आपण पुढं सरकला होता.

"पाय! पाय!" मागून बाया ओरडल्या.

तिनं पाय ओढला. गज थांबला. मंडपात नुसता भिमाचा सूर राहिला, एकटाच, लांबच लांब. भिमाचे डोळे घाबरून मोठे झाले होते, पण नळी काही त्यानं सोडली नाही. बाळाच्या कानशिलावरून घाम वाहत होता. उठावं? पेटी बंद करावी? सोनबाची गाडी बाहेर उभी आहे.

गेनबाला त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं, पण थांबलेला गज दिसला. तो उठला.

"देवा, सेवा मोडायची न्हाई," तो म्हणाला. "एकदा धरली की मोडायची न्हाई."

तो तिच्या उजव्या अंगाला आला, देवाला पाठ होणार नाही असा आडवा बसला, आणि त्यानं व्हायोलिनचं ते वळलेलं डोकं तिच्या गुडघ्यावरून उचलून आपल्या ओंजळीत घेतलं. घट्ट. सनईनं घट्टे पडलेली बोटं ती! मग त्यानं नुसती मान हलवली. चल.

बाळाचा डावा हात मोकळा झाला.

आणि मग काय सांगावं! ती सुटलीच. बाप समोर आहे, त्याच्या हातात आपलं वाद्य आहे, दाखवू दे की सगळं! खालच्या तारेवरून वर, वरून खाली, ताना, गजावर गज, कुठं सांधा नाही, कुठं फट नाही. पुण्याच्या लोकांनी टोप्या उडवल्या असत्या. मागं पोरांचं हसू कधीच थांबलं होतं. गेनबाचे डोळे मिटलेले होते. मग त्याची मान हळूहळू खाली आली, पांढरे खुंट वाढलेली हनुवटी ओंजळीतल्या लाकडाला टेकली आणि तशीच राहिली. जे कानांतून येत नव्हतं, ते हाडांतून आत चाललं होतं. त्याच्या कपाळावरची शीर हलली. मग भुवया आक्रसल्या. त्यानं अंगठ्यानं लाकडावर टकटक केलं.

बाळा वाजवतच राहिली. आणखी जोरात.

टक! टक!

"अगं, दम घे की, पोरी!"

बहिऱ्या माणसाचा आवाज तो, सगळ्या मंडपात दणाणला. आणि तो देवाकडं बघून नव्हता बोलला. सरळ तिच्याकडं बघून बोलला होता.

"दम कुठं हाय ह्यात? मानूस मरंल असं वाजवून! मी फुकत होतो तवा छाती फुटायची, म्हनून थांबाया लागायचं. तुझी छाती फुटत न्हाई म्हनून थांबायचंच न्हाई व्हय? देवाला तर ऐकाया जागा ठेव."

जिला सगळा मुलूख श्वास न घेणारी म्हणून नावाजत होता, तिला असं भर मंडपात! बाळाचे कान लाल झाले. रागानं तिनं गज तारेवर ठेवला. आणि तेव्हा तिला कळलं की खरंच, आपण मघापासून श्वास रोखून धरलाय. छाती दुखत होती. कदाचित कित्येक वर्षं दुखत होती.

तिनं श्वास घेतला. गज उचलला, म्हणजे खरोखर तारेवरून उचलला. त्या फटीतून भिमाचा षड्ज ऐकू आला. ओढ्याचं पाणी ऐकू आलं. कुणाचं तरी तान्हं पोर चुळबुळलं. मग तिनं एक सूर लावला, तो पुरा होऊ दिला, आणि पुन्हा थांबली. गेनबाचा अंगठा शांत होता. पुन्हा एक सूर. या वेळी तो नुसता टेकायला आला आणि निघून गेला, पण जाताना त्यानं मागं वळून बघितलं. बाळाला वाटलं, हा राग आपल्याला येतच नव्हता! इतकी वर्षं आपण त्याला नुसतं पळवत होतो. आता गेनबाच्या श्वासानं हलणाऱ्या खांद्याबरोबर तिचा गज वर-खाली होत होता. खांदा चढला की गज उचलायचा, उतरला की निघायचा. मधेच एकदा ती घाई करायला गेली, तर टक! तिला हसू आलं. रडूही आलं, पण हात दोन्ही गुंतलेले, पुसणार कशानं?

शेवटी कितीतरी वेळानं ती षड्जावर आली आणि तिथं राहिली. भिमाच्या सुरात सूर मिसळला, दोन्हींतला कुठला कुणाचा ते कळेना.

टाळ्या देवळात वाजवत नाहीत. पाटलांनी घंटा वाजवली, लोकांनी "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून गर्जना केली, आणि गुलाल उडाला. पाटील नारळ आणि शेला घेऊन पुढं आले. पण गेनबा काही व्हायोलिनचं डोकं सोडेना. बाळानं हळूच ओढून बघितलं.

"आबा, झालं. संपलं."

"व्हय, कळलं. हाताला कळतं मला." त्यानं तरी सोडलं नाही. "घाई लई करतीस. वरचा सूर बरा हाय."

"बरा?" बाळा ओरडलीच. "नुसता बरा?"

"बरा. पहाटंला काकडआरतीच्या वक्ताला सेवा असती. आंघूळ करून ये. भिमाला देव कटाळला."

भिमा नळी पुसता पुसता मोठ्यानं "व्हय व्हय" म्हणाला. त्याला एवढा आनंद उभ्या यात्रेत झाला नव्हता.

"पण आबा, उद्या संध्याकाळी माझी पुण्यात बैठक आहे. सोनबा गाडी जुंपून उभा आहे." ती त्याच्या तोंडासमोर ओरडली.

"संध्याकाळचं कोन इचारतंय तुला? पहाटंचं बोलतोय मी." आणि मग, जणू ती मूर्खासारखं काही विचारणार हे त्याला आधीच कळलं होतं, "धरायला मी हाय," म्हणाला. व्हायोलिनचं डोकं तिच्या हातात दिलं, गुडघ्यांवर हात ठेवून उठला आणि पणत्या विझवायला निघाला.

"येते!" बाळा म्हणाली.

तो पाठमोरा होता. त्याला कुठलं ऐकू येणार! मग ती व्हायोलिन तसंच काखेत मारून, गुलालातून, माणसांच्या पायांतून धावत त्याच्या पुढं जाऊन उभी राहिली, आणि तोंड हे एवढं उघडून, मान जोरजोरात हलवून म्हणाली, "येते! पहाटे येते!"

"मग वरडतीस कशाला?" गेनबा म्हणाला. "जा, जेव जा. अंबूनं पोळ्या केल्यात."